ओढ्याचं वळण

आई,

व्हिएन्तियानहून विलायचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे, चिकट भात पोटभर जेवते. म्हैस व्याली का?

इथल्या दप्तरखान्यात युद्धात विमानातून काढलेले फोटो आहेत. त्यात आपलं गाव सापडलं. बॉम्बच्या खड्ड्यांत ओढ्याचं वळण तेवढं ओळखू आलं. ते मी लाकडात कोरून कागदावर छापलं. ओढ्याची रेघ आणि खड्ड्यांची नुसती काळी वर्तुळं, घर नाही की माणूस नाही. तरी समाधान होईना, म्हणून रोज नवी प्रत काढते.

मी ज्यांच्याकडे काम करते त्या प्रदर्शन भरवणाऱ्या बाई काल म्हणाल्या, "किती छान, तळ्यावर पाऊस पडतोय जणू! निळ्या रंगात काढ, दिवाणखान्यात शोभेल."

मी म्हटलं, "हे विकायचं नाही," आणि चित्र भिंतीवरून उतरवून घेतलं. आता त्या रागावल्यात. तू काळजी करू नकोस, दुसरं काम मिळेल.

दादा ज्या घरात बॉम्बखाली गेला ते घर या चित्रात कुठे येतं, मला ठाऊक नाही. त्याचं नाव निघालं की तू चुलीकडे वळतेस, म्हणून मी कधी विचारलं नाही.

नव्या वर्षाला चित्र घेऊन येते. तू बोलू नकोस, नुसतं त्या जागी बोट ठेव.

तुझीच,
विलाय