आजचा पाहुणा

२ सप्टेंबर

पोचले एकदाची. फाटकाशीच बॅगेचा पट्टा तुटला आणि माझे सगळे कपडेलत्ते पहारेकऱ्याच्या पायावर. बिचारा हसला नाही, मीच हसले.

आजाऱ्यांची खोली छान आहे. चार लोखंडी खाटा, औषधांचं पांढरं कपाट, मैदानाकडे उघडणारी खिडकी. नळ मात्र लाथ घातल्याशिवाय चालत नाही. मोठ्या इस्पितळाच्या वॉर्डात नर्स म्हणून इतकी वर्षं काढल्यावर ही खोली म्हणजे मला महालच.

इथली एक गंमत म्हणजे कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. शाळा म्हणजे घर, असं त्यांचं म्हणणं. मुख्याध्यापिका सगळ्यांच्या 'आई', वसतिगृह सांभाळणारे 'मामा', स्वयंपाकीण 'आजी', पहारेकरी 'दादा'. पहिल्याच चहाला आईंनी मला 'मावशी' करून टाकलं. लग्नाच्या भानगडीत न पडता, बसल्या जागी, वसतिगृहभर भाचरं मिळाली. बहिणीला कळवायला हवं, तिची दोन आता काहीच नाहीत.

मामा पन्नाशीचे असतील. हळू बोलतात, शर्ट कडक इस्त्रीचा, खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या. कुणाच्या पायात कितीचा बूट हेसुद्धा त्यांना तोंडपाठ. संध्याकाळी पाना घेऊन आले आणि नळ दुरुस्त करून गेले. चांगला माणूस आहे.

४ सप्टेंबर

आज 'पाहुणा' बघितला. सकाळी दूध-पाव झाल्यावर आई उभ्या राहतात आणि आजचा पाहुणा कोण ते सांगतात. दुपारी विश्रांतीच्या तासाला बाकीची मुलं आपापल्या खाटेवर आडवी होतात, पाहुणा मात्र मामांच्या खोलीत जातो. तिथे मऊ गादी, केक, चित्रांची पुस्तकं. घरची आठवण येणाऱ्या मुलांना जरा लाड मिळावेत म्हणून मामांनीच ही पद्धत सुरू केली. नाव जाहीर झालं की सगळे टाळ्या वाजवतात.

आज नऊ वर्षांच्या एका मुलीची पाळी होती. चष्मा असा जाड की डोळे बशीएवढे दिसतात. मी मनातल्या मनात तिचं नाव 'चष्मिस' ठेवलं. ती नुसती ताटलीकडे बघत बसली. लाजली असेल. टाळ्या माझ्याच सगळ्यात मोठ्या होत्या.

९ सप्टेंबर

चष्मिसबाई आज तापाने फणफणून आल्या. थर्मामीटरचा पारा पार वर आणि अंग थंडगार. माझी पाठ वळताच गरम पाण्याच्या तांब्यात बुडवला होता पठ्ठीने. वॉर्डात रजेसाठी असली सोंगं करणारे चांगले मिशीवाले बाप्ये मी पकडलेत, ही तर चिमुरडी. मला शेंडी लावायची तर तिला अजून बरंच दूध प्यावं लागेल.

विश्रांतीचा तास सुरू होत होता आणि आज पुन्हा तीच पाहुणी होती. मी स्वतः हाताला धरून तिला मामांच्या दारापर्यंत पोचवलं. मामांनी आभार मानले. पोरीचा तळवा घामाने चिंब होता आणि माझी बोटं तिला सोडवेनात. मीच ती एकेक करून सोडवली.

१३ सप्टेंबर

सोंगाड्यांची नुसती रांग. एकाने खडू खाल्ला, एकीचं पोट दुखतं, एकाला म्हणे दिसतच नाही. सगळे दुपारच्या जेवणानंतरच आजारी पडतात. माझ्याकडे एकच औषध, कान धरून परत.

खोली आठवडाभर रिकामी आहे हे मी आईंना जरा ताठ मानेनेच सांगितलं. त्यांनी केक दिला. माझ्या आधीची नर्स फार मऊ होती, निम्मी शाळा झोपवून ठेवायची, म्हणून तिला जावं लागलं, असं म्हणाल्या. मामाही तिथेच बसले होते. माझ्यासारखं माणूस हवंच होतं, असं ते म्हणाले. केक चांगला होता.

१७ सप्टेंबर

आज हसण्यासारखं काही नाही.

दुपारच्या जेवणानंतर चष्मिस आली. चालत आली, शांत. डावा हात पुढे केला. दोन बोटं चेचली होती, एकाचं हाड नक्की मोडलं आहे. कोठीच्या जड दारात, बिजागरीच्या बाजूला. डोळ्यात पाण्याचा टिपूस नाही. तिने विचारलं की हे खोटं नाही ना, मग आज इथे राहता येईल ना.

मी बोटांना आधाराची पट्टी बांधली. कसं झालं म्हणून विचारलं. दार तिने स्वतःच लोटलं होतं. डावा हात का, तर उजव्याने लिहायचं असतं, असं सांगितलं.

आजची पाहुणी तीच होती. सकाळी मी टाळ्या वाजवल्या होत्या.

१८ सप्टेंबर

सकाळपासून एकेक चेहरा आठवते आहे. खडू खाणारा त्या दिवशीचा पाहुणा होता. पोटदुखीवाली पाहुणी होती. न दिसणारा पाहुणा होता. जे जे माझ्या दारात आले ते मामांच्या दारातून सुटायला आले होते, आणि मी एकेकाला हसत हसत परत नेऊन दिलं.

मला माझीच किळस येते आहे. ताप ओळखते म्हणून केवढा तोरा होता. भीती समोर येऊन उभी होती, ती ओळखली नाही.

चष्मिसला तिथे काय होतं ते विचारलं. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि गुडघे पोटाशी घेतले. त्यापुढे मला काही विचारायची गरज उरली नाही.

१९ सप्टेंबर

आईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा ओतला. मुलांच्या कल्पना अफाट असतात, म्हणाल्या. मला मूलबाळ नाही, त्यामुळे माया कशी असते ते मला कुठून कळणार, असंही म्हणाल्या. घरातलं घरात राहिलं की घर टिकतं. हे सगळं इतक्या गोड आवाजात की क्षणभर मलाच वाटलं, आपलं चुकलं.

मग मामा आले. डोळे पाणावलेले. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही नाही म्हणे.

पण आईंना धक्का बसला नव्हता. त्यांचा चहा एक थेंबभर सांडला नाही. त्यांना ठाऊक आहे.

दुपारी मी आजच्या पाहुण्याला, सहा वर्षांच्या पोराला, ताप आहे म्हणून ठेवून घेतलं. थर्मामीटर लावलासुद्धा नाही. पोरगं आडवं झालं आणि लगेच झोपी गेलं, दमलेल्या म्हाताऱ्यासारखं.

२२ सप्टेंबर

आता रोजचा पाहुणा रोज आजारी. मी खुशाल खोटं सांगते. गालगुंड, नायटा, जुलाब, जे तोंडाला येईल ते.

मला कुणी मावशी म्हणत नाही. आई 'अहो' म्हणतात, बाकीचे तेही म्हणत नाहीत. आजी माझं ताट टेबलाच्या टोकाला एकटं ठेवते, गार झाल्यावर. शिक्षक मी आले की गप्प होतात. मुलांना सांगून ठेवलंय, माझ्याशी बोलायचं नाही. कपाटाची किल्ली काढून घेतली. नळ पुन्हा बंद आहे.

मामा तेवढे अजून बोलतात. रोज विश्रांतीच्या तासाला खिडकीबाहेर उभे राहतात आणि पोराची तब्येत कशी आहे ते विचारतात. पोरं चादरीत तोंड घालतात.

२४ सप्टेंबर

परवा सुट्टीच्या दिवशी गावातल्या बालसंरक्षण कचेरीत जाऊन आले होते. आज दोन माणसं आली. बरी माणसं, तरुण. मुलांना एकेकटं बोलावून विचारलं. एकूण एक मुलांनी सांगितलं की मामा फार चांगले आहेत. चष्मिसनेसुद्धा. त्या दोघांनी चहा घेतला आणि ते गेले.

मी तिला विचारलं, का गं. ती रागावली नव्हती, तेच वाईट. ती माझ्याकडे आली होती आणि मीच तिला त्या दारात नेऊन सोडलं होतं, एवढंच म्हणाली. मग ज्यांना कधी बघितलं नाही त्यांना कशाला सांगायचं?



सांगेन तर फक्त माझ्या आईला, म्हणाली. इथल्या नाही. माझ्या.

२६ सप्टेंबर

ती माणसं येऊन गेल्यापासून दादा मला फाटकाबाहेर सोडत नाही. पावाची गाडी आत आली तेव्हा उघड्या फाटकातून सटकले. चष्मिसने सांगितलेल्या नंबरावर, बेकरीवाल्याच्या फोनवरून, तिच्या आईशी बोलले. शिवणाच्या कारखान्यात असते, मागे मशिनींचा आवाज. सगळं फोनवर सांगितलं नाही, लेकीला तुमची गरज आहे, उद्याच या, म्हटलं. रडायला लागली. सरळ माझ्या खोलीत या, ऑफिसात अजिबात जाऊ नका, असं दोनदा बजावलं.

चष्मिसला सांगितलं तर तिने पहिल्यांदाच दात दाखवले. एक पडलेला आहे. आईला काय सांगायचं ते ओठातल्या ओठात घोकते आहे.

२७ सप्टेंबर, सकाळ

आजची पाहुणी चष्मिस. हाताला बँडेज असताना. आईंनी माझ्याकडे बघत जाहीर केलं. टाळ्या. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी सगळ्यांदेखत उठले, तिला उचललं आणि इकडे आणलं. दाराला कडी घातली, खाट आडवी लावली. आता तिची आई येईपर्यंत हे दार उघडणार नाही.

दुपार

आली. खिडकीतून दिसली. कामावरचेच कपडे, हातात पिशवी. मी हाक मारली, पण आई फाटकाशी आधीच उभ्या होत्या. तिच्या खांद्यावर हात टाकून तिला ऑफिसात घेऊन गेल्या.

चहाचा ट्रे आत गेला. मामा आत गेले.

अजून आत आहेत. चष्मिस खाटेवर ताठ बसली आहे, घोकते आहे.

ट्रे बाहेर आला. माणसं नाहीत.

मी सगळं लिहून ठेवते आहे, जसं घडेल तसं, कारण नंतर माझं कुणी —

आले. दाराबाहेर पुष्कळ पावलं. तिची आई बोलते आहे. आवाज तिचा, शब्द त्यांचे. मला वेड लागलंय म्हणे. पोरीला कोंडून ठेवलंय म्हणे. बोटं मी चेचली —

मी —

मी ओरडून सांगितलं, ऐकत नाही. लेकीला म्हणते आहे, बाहेर ये, मामांची माफी माग, अशी शाळा पुन्हा मिळायची नाही —

चष्मिस उठली. चष्मा पुसला. दाराला तोंड लावून तिने सांगितलं. घोकलेलं सगळं, एकदाही न अडखळता. मी इथे लिहू शकत नाही. पण तिने सांगितलं. तिच्या आईला. मी साक्षीदार आहे.





तिची आई म्हणाली, असलं घाणेरडं बोलायचं नाही.

पोर दाराशी तशीच उभी आहे. हलत नाही. मी जवळ घेतलं तर अंग लाकडासारखं —

माझ्याकडे वळली. तिला ताप नाही, म्हणते. बरं वाटतंय, म्हणते. मावशी, खाट बाजूला करा, म्हणते. मावशी म्हणाली.

मी नाही करणार. मी नाही —

ती स्वतःच, एका हाताने, खाट