चाक जड होतं, बाबा

बाबा, तुमच्या त्या शेवटच्या गाडीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

नव्वदच्या दशकात कोलशेतची ती कंपनी बंद पडली, तेव्हा तिथल्या साहेबांची जुनी गाडी तुम्ही घेतलीत. पॉवर स्टिअरिंगची, आपल्या कोपरीच्या गॅरेजात आलेली पहिलीच. एका बोटाने चाक फिरवून साऱ्या आळीला दाखवायचात. मला गाडी शिकवलीत तीही हिच्यावरच, आणि बॉनेट उघडून दरडावलंतही, "अगं, आधी साधं बघायचं. हवा, मग ऑइल, मग बेल्ट. डायरेक्ट मोठं दुखणं शोधत बसू नको." पुढे अर्धांगवायूने तुमची डावी बाजू लुळी पडली आणि गाडी दीड वर्ष ताडपत्रीखाली उभी राहिली.

जरा बरं वाटल्यावर एका रविवारी तुम्ही हट्टाने गाडीत बसता. टायरमध्ये हवा मीच भरलेली, बॅटरी नवी. गाडी चालू होते, पण चाक काही वळत नाही. आत स्टिअरिंगचा पंप कण्हतोय. पूर्वीचे तुम्ही असतात तर तो आवाज ऐकून ताडकन खाली उतरला असतात. आज तुम्ही गाडीकडे नाही, आपल्या डाव्या हाताकडे बघताय. मी शेजारून म्हणते, "बाबा, हातात जोर नाही राहिला तुमच्या. सोडा ना आता." तुम्ही नुसतं "हं" म्हणालात आणि किल्ली माझ्या हातात दिलीत. जन्मभर लोकांच्या गाड्यांची दुखणी ओळखलीत आणि घरच्या गाडीला फसलात.

तुम्हाला वर घरी सोडून मी गाडी जागेवर लावायला आले. चाक मलाही वळेना. बॉनेट उघडलं, तर स्टिअरिंगच्या डब्यातलं ऑइल तळाला गेलेलं, पाइपची क्लिप ढिली. क्लिप आवळली, ऑइल भरलं, चाक दोन्ही बाजूंना पाच-सहा वेळा पूर्ण फिरवलं. मग ते एका बोटाने फिरू लागलं.

मी वर आले आणि गप्प राहिले. तुम्ही एकटेच कल्याणपर्यंत निघाल, कुठेतरी आदळाल, ही भीती होती आणि ती खोटी नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही खिडकीत बसून डाव्या हाताने रबरी चेंडू दाबायला लागलात, सकाळ-संध्याकाळ, अगदी गेलात त्या आठवड्यापर्यंत. मी रोज बघत होते. त्याची लाज अजून जात नाही.

आई अजून म्हणते, "शेवटी हातानेच दगा दिला गं त्यांना." हे पत्र तिच्या हाती लागू नये म्हणून फाडून टाकणार आहे. कालही ती तसंच म्हणाली, आणि मी हो म्हटलं.