दोन बोटं तोकडा

६ सप्टेंबर, शुक्रवार

लाज वाटली! तेरा तासांचा प्रवास करून विमानतळाबाहेर आले, समोर चिमी उभी, आणि मी ओळखलंच नाही. अंगात कुणा पुरुषाचा कोट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. खाली करडा स्कर्ट. तोही धड नाही, खालच्या कडेला वीतभर रुंद पट्टी जोडलेली, फुलाफुलांच्या पडद्याच्या कापडाची! कापड पुरलं नाही की लावतात तशी.

म्हटलं, "पगार मिळतो ना गं वेळेवर?"

"आत्या, आधी मिठी तरी मार!"

मारली. पण आजूबाजूला बघत मारली.

सख्ख्या भावाची लेक. सात वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून माझ्याजवळ वाढली. पदवी हातात पडली आणि दोन महिन्यांत परदेशी उडाली. त्याला तीन वर्षं झाली. जाताना मी स्वतः सहा ड्रेस शिवून दिले होते. ते कुठे गेले कोण जाणे.

७ सप्टेंबर, शनिवार

ड्रेस सापडले. सहाच्या सहा, कपाटात, पट्टीसकट! एकाला तर चक्क उशीच्या अभ्र्याची.

खोली एवढीशी. पलंग मला दिला, स्वतः खाली गादी टाकते. खिडकीशी शिवणयंत्र, त्याच्या पायाशी चिंध्यांची पिशवी. लोक जुनं विकतात त्या दुकानातून कपडे आणते, उसवते, पुन्हा शिवते.

"तोकडे झाले होते का माझे ड्रेस?"

"नाही गं. पट्टी आवडते मला."

आवडते म्हणे! आमच्या घरात कधी कुणी जोड लावलेलं नेसलं नाही. ही तेच मिरवत हिंडते.

९ सप्टेंबर, सोमवार

तिच्या कामावर गेले. चष्म्यांचं दुकान. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवून बघते, कानामागची काडी गरम करून हलकेच वाकवते. हात चांगला आहे, ते मान्य. एका म्हाताऱ्याने नवा चष्मा चढवला आणि पहिल्यांदा काय पाहिलं, तर हिचा स्कर्ट! "आता नीट दिसतंय," म्हणाला.

मालकीणबाईंनी मला विचारलं, "ही कपड्यांची दृष्टी हिला तुमच्याकडून आली का?"

"देवाशपथ नाही!"

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

१२ सप्टेंबर, गुरुवार

रस्त्यात हिला कुणी फोटोवाली भेटली होती. वाचनालयात प्रदर्शन भरणार आहे, इथल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या कपड्यांचं. प्रत्येकाने आपल्या फोटोखाली आठ-दहा ओळी लिहायच्या, ही तऱ्हा आली कुठून म्हणून. येत्या बावीस तारखेला उद्घाटन. चिमीचे पाय जमिनीवर नाहीत.

"तू इंग्रजी तपासून देशील, आत्या? तुझ्यासारखं कुणाला येत नाही."

तीन वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं माझ्याजवळ. लाल पेन मी आणलंच आहे. सवय!

१५ सप्टेंबर, रविवार

वाचलं. इथे मराठीत उतरवून ठेवते, म्हणजे उद्या मलाच वाटायला नको की मी वाढवून सांगते:

"आमच्या शाळेत एक बाई होत्या. स्कर्टची लांबी तपासायला त्या मुलींना गुडघ्यावर बसवत. कड जमिनीला टेकली पाहिजे. एका मुलीची टेकली नाही. सगळ्या शाळेसमोर, प्रार्थना संपेपर्यंत, ती तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ती स्कर्टला चादरीची पट्टी जोडून आली. सगळे हसले. मला ती पट्टी फार सुंदर वाटली होती. ती मी अजून लावते."

एक बाई! मी हिच्या केसांतल्या उवा काढल्या, गोवरात उशाशी बसले, आणि मी 'एक बाई'!

'एक मुलगी' म्हणजे कोण, हे न कळायला मी काय दूधखुळी आहे? हीच ती. पाचवीत होती. मी शाळेची पर्यवेक्षिका. स्वतःच्या भाचीलासुद्धा सोडलं नाही, अख्ख्या शाळेसमोर बसवलं! नियम तो नियम. निवृत्तीच्या निरोप समारंभात हीच गोष्ट मी सांगितली होती. मुख्याध्यापकांनी डोळे पुसले होते.

आणि त्याच संध्याकाळी स्कर्टची शिवण उसवून कड दोन बोटं खाली कुणी सोडली? मीच ना! चादरीची पट्टी तिने पदरची घातली. लेखिका झाली!

आम्हालाही कॉन्व्हेंटात मदर गुडघ्यावर बसवायच्या. मेलो का आम्ही?

१६ सप्टेंबर, सोमवार

बोलले नाही. तीही बोलली नाही. भांडी मात्र दोघींनी आपटली.

१७ सप्टेंबर, मंगळवार

स्वल्पविराम दुरुस्त करून कागद परत दिला.

"लावणार आहेस हे?"

"हो."

"चारचौघांत?"

"इथे तुला ओळखतं कोण, आत्या?"

कुणी नसेल ओळखत. मी ओळखते ना!

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज एक वेडेपणा केला. चिमी कामावर गेल्यावर दार लावून घेतलं आणि जमिनीवर गुडघे टेकून बसले. म्हटलं बघू तरी, एवढं काय त्यात.

मनातल्या मनात शाळेची प्रार्थना म्हटली. मग बातम्या. मग सुविचार म्हणायचा होता. सुविचारापर्यंत पोचलेच नाही, गुडघ्यांतून कळ आली. माझं वय आहे, मान्य. पण त्या उंचीवरून खोली निराळीच दिसते. टेबलाची खालची बाजू, कुणी पुसत नाही ती. खुर्चीचे पाय. माणसं असती तर त्यांचे नुसते बूट दिसले असते.

आणि एकदम मदरचे बूट आठवले. तपकिरी. डावी नाडी तुटून गाठ मारलेली. मी नऊ वर्षांची होते. आजवर कुणाला सांगितलं नाही. खालच्या बाजूचं काही सांगायचं नसतं, असंच वाटायचं.

मेलो नाही. पण पासष्टाव्या वर्षी बुटाची गाठ आठवते, त्याला काय म्हणायचं?

पलंगाला धरून उठले. नंतर कितीतरी वेळ तोंड धूत होते. कुणी पाहिलं नव्हतं, तरीही.

२१ सप्टेंबर, शनिवार

उद्याच्या स्कर्टची पट्टी एका जागी सुटली होती. "आण इकडे," म्हटलं. तुझी टीप वाकडी जाते, असंही म्हटलं. तोंड गप्प बसेल तर ना!

हातशिलाईने घातली, बारीक टाके. मान वर न करता बोलून टाकलं, "चिमे, त्या दिवशी मी तुला गुडघ्यावर बसवायला नको होतं. चुकलं माझं."

आयुष्यात हे शब्द मी कुणाला म्हटले नव्हते. नवऱ्यालासुद्धा नाही. त्याची तशी चूकच जास्त असायची.

ती इस्त्री करत होती. थांबली. इस्त्री उभी करून ठेवली. "मला?" एवढंच म्हणाली. मग पाणी प्यायला निघून गेली.

रागावली असेल. असू दे. माफी मागितली. छातीवरचा दगड उतरला. उद्या तिच्या फोटोखालचं मी मान ताठ ठेवून वाचणार.

२२ सप्टेंबर, रविवार

निघायच्या आधी चिमीने मला खुर्चीवर बसवलं.

"आत्या, तू मला नव्हतंस बसवलं. माझा स्कर्ट तोकडा होता, दोन बोटं. तू थांबलीस, पाहिलंस, आणि पुढे गेलीस. माझ्या शेजारच्या मुलीला बसवलंस. ती थोरल्या बहिणीचा जुना स्कर्ट घालायची. पट्टी तिने लावली होती. पुढच्या आठवड्यापासून ती आलीच नाही."

मी म्हणणार होते, खोटं! पण ती दोन बोटं कड मीच सोडली होती. त्याच संध्याकाळी. म्हणजे मी पाहिलं होतं.

निरोप समारंभात चिमी पहिल्या रांगेत बसली होती. मी ती गोष्ट सांगितली, तेव्हा सगळ्यांबरोबर तीही टाळ्या वाजवत होती.