मिक्सरचं खोकं

८ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं आणि आज कामावर जाताना फॉर्म पेटीत टाकला. तू लिहिलंस तसंच केलं. माझ्या निवृत्ती खात्यातलं सगळं सुरक्षित फंडातून काढून शेअर फंडात. सही करताना हात जरा थांबला, खोटं कशाला सांगू. पंचवीस वर्षं ते पैसे एका जागी गप्प बसून होते, माझ्यासारखेच. पण तुझे अंदाज वहिनी असताना कधी चुकले नाहीत, हे सगळ्या घराला माहीत आहे. दर वर्षी खात्याचं पत्रक यायचं, वहिनी ते उघडायची, फक्त शेवटचा आकडा मोठ्याने वाचायची आणि तू मिशीतल्या मिशीत हसायचास. वेधशाळेत छत्तीस वर्षं पावसाचे अंदाज देऊन जो मान मिळाला नाही तो बाजाराने दिला, असं तूच म्हणायचास.

मला घाई का आहे ते तुला ठाऊक आहे. मार्चअखेर माझी नोकरी संपते. मालकीणबाई ही खोली विकणार आहेत. अठरा वर्षं राहते आहे म्हणून मला आधी विचारलं आणि एप्रिलपर्यंत थांबते म्हणाल्या. खातं सगळं रिकामं केलं तरी किमतीचा दहावा हिस्सा कमी पडतो. तेवढा तुझ्या बाजाराने भरून दिला की ही खिडकी, हा ओटा आणि नळाची ही टिपटिप माझी स्वतःची होईल. मग नळ दुरुस्तही करीन. दुसऱ्याचा नळ दुरुस्त करायचा कंटाळा येतो.

इस्पितळाच्या कपड्यांच्या कोठीत सगळं तसंच आहे. आज चारशे बारा चादरी मोजून घेतल्या, सात फाटक्या निघाल्या, बारा मिळाल्याच नाहीत. लोक दुखणं इथे ठेवून चादरी घरी नेतात बहुतेक.

वहिनीला जाऊन दहा महिने झाले. तू नीट जेवतोस का, असं दोन पत्रांत विचारलं आणि दोन्ही वेळा तू बाजाराचं लिहिलंस. या वेळी जेवणाचं लिही.

लोभ आहेच, त्यावर धूळ बसू देऊ नकोस.

तुझी,
ठमी


२१ सप्टेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

आधी जेवणाचं लिहितो, म्हणजे तुझी कटकट मिटेल. एकदा करतो आणि दोनदा खातो. मीठ कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही. सरासरी बरोबर येते.

आता कामाचं. पेपरात वाचलं असशीलच. जूनच्या शेवटी बाजार घसरायला लागला तो अजून घसरतोच आहे. मी भिंतीवर आलेखाचे कागद जोडत जोडत दाराच्या चौकटीपर्यंत आलो आहे आणि पेन्सिलीची रेघ जमिनीकडे चालली आहे. तुझा पाचवा हिस्सा गेला, माझाही तेवढाच गेला. हवेचा दाब असा पडत राहिला की खिडक्या लावून घ्यायच्या असतात, एवढं मला छत्तीस वर्षांत कळलेलं आहे. तुझं सगळं ताबडतोब सुरक्षित फंडात आण. मी माझं कालच आणलं. स्वतः पोस्टात गेलो, रांगेत उभा राहिलो, रजिस्टर करून पावती घेतली.

पूर्वी मी फॉर्म भरून, लखोटा बंद करून तुझ्या वहिनीच्या हातात द्यायचो. बाजारात जाताना ती टाकायची. अंदाज माझ्याकडे, पोस्ट आणि हिशेब तिच्याकडे, अशी वाटणी होती. आता दोन्ही माझ्याकडे आलं आहे आणि एकही धड होत नाही. ती गेल्यापासून नशीब फिरलं म्हणायचं. मी नशीब वगैरे मानणारा नाही, पण दुसरं काय लिहू.

संध्याकाळी रेडिओवर भाव सांगतात. आकडा मी मोठ्याने म्हणतो, आणि मग लक्षात येतं की ऐकायला कोणी नाही. तरी म्हणतो.

फॉर्म आजच टाक. काळजी करू नकोस, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुझा,
दादा


८ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात, रागावली आहेस का, असं विचारलंस. नाही असं लिहिणार होते. मग कागद फाडला आणि हा दुसरा घेतला. हो, रागावले आहे.

तू सांगितलंस म्हणून मी सप्टेंबरात सुरक्षित फंडात आले आणि तिसऱ्या आठवड्यापासून बाजार चढायला लागला. आज तो जूनमध्ये होता तिथेच परत आला आहे. मी काहीच केलं नसतं, नुसती चादरी मोजत बसले असते, तरी माझे पैसे जागेवर असते. तेव्हा दहावा हिस्सा कमी पडत होता, आता चौथ्याहून जास्त पडतो. मालकीणबाईंकडे एक दातांचे डॉक्टर खोली बघून गेले. भिंती ठोकून बघत होते, मी आतच बसले होते. बाई ओशाळल्या आणि मला म्हणाल्या की शब्द दिलाय तो दिलाय, पण जानेवारीत काय ते नक्की सांग.

कोठीत कोणाशी हे बोलता येत नाही. तिथे सगळ्यांना वाटतं की मी मोठी हिशेबी बाई आहे. संध्याकाळी घरी येते, कुलूप काढते, आणि खोलीला आधीच कळलंय असं वाटतं.

आता फक्त एकच विचारते. शेअर फंडात पुन्हा सगळं टाकू का? तीन महिने आहेत. फॉर्म भरून पर्समध्ये ठेवला आहे. बावीस तारखेपर्यंत तुझं पत्र आलं नाही तर टाकून देईन. पण एक सांग, वहिनी असताना तुझं इतकं बरोबर कसं यायचं? तेव्हा तू काय बघत होतास, जे आता बघत नाहीस?

राग गेला की लोभ उरेल, तोवर दोघांचा तूच सांभाळ.

ठमी


१५ डिसेंबर

चि. ठमीस,
आशीर्वाद.

फॉर्म टाकू नकोस. हे आधी वाच आणि मग बाकीचं वाच. पर्समधून काढून फाडून टाक. आता कुठे काही हलवू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मिक्सर बंद पडला. हमीपत्र शोधायला माळ्यावरचं त्याचं खोकं काढलं. तुझी वहिनी असले सगळे कागद त्यातच ठेवायची. हमीपत्र मिळालं, मुदत सहा वर्षांपूर्वी संपलेली. त्याच्याखाली रबर लावलेले लखोटे होते. माझ्या अक्षरातला पत्ता, माझ्या हातांनी चिकटवलेलं तिकीट. एकाही तिकिटावर शिक्का नाही.

मी मोजले, दहा आहेत. माझ्याकडे प्रत्येक फॉर्मची कार्बन प्रत असते, ती फाईल घेऊन जमिनीवर बसलो आणि तारखा जुळवल्या. ठमे, मी नऊ वर्षांत शेअरमधून सुरक्षितमध्ये आणि सुरक्षितमधून शेअरमध्ये जेवढ्या उड्या मारल्या, त्यातल्या दहा मी मारल्याच नाहीत. पैसे नोकरीच्या पहिल्या वर्षी जिथे ठेवले होते तिथेच, शेअर फंडात, होते, आणि वाढत होते. मी फक्त आकडा ऐकत होतो. पत्रकाचं दुसरं पान उघडून बघावं असं मला एकदाही वाटलं नाही, कारण आकडा चांगला असायचा आणि तो माझाच पराक्रम वाटायचा. मी काय बघत होतो असं विचारलंस. काही नाही. बघणारी ती होती.

प्रत्येक लखोट्याच्या मागे तिने पेन्सिलीने लिहिलं आहे. पहिल्यावर आहे, "आज पाऊस येणार म्हणाले, कपडे आत घेतले, आला नाही. ठेवला." दुसऱ्यावर, "दाढ दुखते आहे म्हणून चिडलेत. ठेवला." एकावर, "पेपर वाचून घाबरले. जेवल्यावर शांत झोपले. ठेवला." एकावर नुसतंच, "ठेवला." त्या दिवशी आम्ही भांडलो असू, मला आठवत नाही. मी हसत होतो आणि शेजारच्या बाईंनी काय झालं म्हणून दार वाजवलं, तेव्हा कळलं की मी रडतो आहे.

आता अकरावा. ती असतानाच्या प्रती फाईलमध्ये अकरा आहेत. अकरावा मी तिला इस्पितळात दिला होता, गेल्या वर्षी जुलैत, डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. सगळं सुरक्षित फंडात, असा. भीतीने भरला होता. खोक्यात तो लखोटा नाही, पोस्टाची पावती आहे. कोणाकडून तरी रजिस्टर करून घेतला असणार. पावतीच्या मागे लिहिलं आहे, "हा मात्र टाकला. यापुढे यांना थांबवायला घरात कोणी नसेल."

ती मला जागेवर बसवून गेली होती, ठमे. आणि मी एप्रिलमध्ये आलेख बघितला, फॉर्म भरला, चालत पोस्टात गेलो आणि सगळं पुन्हा शेअर फंडात टाकलं. मग मला वाटलं तुलाही हे सुख मिळावं. तुझी खोली मी घालवली. याला दुसरं नाव नाही. जे उरलं आहे त्यातून माझा महिना कसाबसा निघतो, नाहीतर तुला भरून दिलं असतं.

मिक्सर तसाच आहे. खोकं खाली ठेवलं आहे, माळ्यावर परत टाकवत नाही.

दादा


४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र एकोणीस तारखेला मिळालं, कोठीत उभ्यानेच वाचलं. फॉर्म फाडला. मग वाईट वाटलं, कारण शेवटची आशा म्हणून तो इतके दिवस पर्समध्ये होता आणि मला त्याची सवय झाली होती.

खोली गेली. मी स्वतःच बाईंना जाऊन सांगितलं की माझ्याने होत नाही, डॉक्टरांना द्या. बाईंनी चहा केला आणि दोघी बराच वेळ नळाबद्दल बोललो. मेअखेर सोडायची आहे. इस्पितळामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एक भाड्याची बघितली आहे. खिडकी आहे, पण समोर भिंत आहे. पैसे आहेत तिथेच राहतील, त्यातून भाडं निघेल. उपाशी राहणार नाही, पण ज्या दाराची किल्ली कोणी परत मागणार नाही असं एक दार हवं होतं, ते आता नाही मिळणार. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. दुसऱ्या कोणाला लिहू?

तू म्हणशील इकडे ये. नको. तू भाव मोठ्याने म्हणणार, मी चादरींसारखे तुझे शर्ट मोजणार, आणि दोघंही वहिनीच्या खुर्चीत बसणार नाही. एप्रिलमध्ये महिनाभर येईन आणि मीठ बघीन.

वहिनीचा मला आधी राग आला. तुला नऊ वर्षं फसवलं असं वाटलं. मग वाटलं, तिने मला का नाही सांगितलं? मी दर दिवाणखान्यात तुझी बढाई मारत फिरले. सांगितलं असतं तर पैसे जागेवर असते, दहावा हिस्सा कुठून तरी उसना मिळवून आज खोली माझी असती. पण सांगितलं असतं तर तू मिशीत हसला नसतास, आणि तिला ते बघायचं असणार. तिने तुला निवडलं, मला नाही. बायकोने तसंच करावं. तरी लागलंच.

राग अजून आहे थोडा. लोभ त्याच्या शेजारीच राहतो.

तुझी,
ठमी


१६ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर तीन वेळा लिहून ठेवून दिलं. एप्रिलमध्ये ये. खुर्ची मी खिडकीशी हलवली आहे, म्हणजे ती आता कोणाचीच नाही असं मला सांगता येतं. तू बसलीस तर चालेल.

भिंतीवरचे आलेख काढायला घेतले. अर्धे काढले आणि थांबलो, कारण खाली भिंत पांढरी निघाली आणि खोली फार मोठी दिसायला लागली. उरलेले तसेच आहेत. काल पुन्हा रेघ ओढली. बघतो तर तीन दिवस सरळ वर. खोटं लिहीत नाही, हात शिवशिवले. फॉर्म काढला, सगळं शेअर फंडात असा भरला, सही केली, कार्बन प्रत फाईलला लावली, लखोट्यावर पत्ता घातला, तिकीट चिकटवलं. दारापर्यंत गेलोसुद्धा.

तो लखोटा या पत्रासोबत पाठवतो आहे. पोस्टाची पेटी तुझ्या रस्त्यावरही आहे. टाकायचा की नाही ते तू बघ, मला कळवू नकोस. पुढे भरीन तेही तुझ्याकडेच पाठवत जाईन. मिक्सरचं खोकं वेगळं पार्सल करून पाठवलं आहे, दहा लखोटे मात्र काढून घेतले आहेत. खोक्यात आता जागा बरीच आहे.

वर्षाचं पत्रक आलं की न उघडता तुझ्याकडे पाठवीन, मला फक्त आकडा कळव. कमी असला तरी चालेल.

लखोट्याची मागची बाजू कोरी आहे. पेन्सिलीने काही लिहिलंस तर एप्रिलमध्ये येताना घेऊन ये.

तुझा,
दादा