दिव्याभोवतीची कडी

मु. माले,
सोमवार, ता. ९ जानेवारी १९६१

रा. रा. हैबतराव यांस,

मालेहून गेणबा बत्तीवाल्याचा रामराम. इकडे सर्व ठीक. थंडी यंदा जरा जास्तच आहे. तुमची तांबडी गाय व्याल्याचं दूधवाल्याकडून कळलं. कालवड की खोंड, ते मात्र त्याला सांगता आलं नाही. लोक अर्धी बातमी घेऊन गावभर कशाला फिरतात, देव जाणे.

भरे गावची जत्रा होऊन नऊ महिने झाले. तेव्हापासून आपलं बोलणं नाही. हे पत्र साळूबाईच्या सांगण्यावरून लिहीत आहे. तिचा निरोप तिच्याच शब्दांत आधी देतो: "दादाला लिवा, आमी मुंबईला जाऊन नाताळ बघितला. लई झाक रोषणाई व्हती. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला ये म्हणावं." एवढंच. पण एवढ्यानं रोषणाईचा काही बोध होत नाही. तपशील मी देतो. मुंबईला कशासाठी गेलो होतो ते पुढे येईल.

आमच्या आळीतला कुशाबा गोदीत कामाला आहे, त्याच्या माझगावच्या खोलीवर उतरलो. शनिवारी, चोवीस तारखेला, दिवेलागणीला त्यानं आम्हाला जवळच्या ख्रिस्ती वाडीत नेलं. प्रत्येक दारावर कागदाची चांदणी टांगलेली. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर रंगीत ताव चिकटवलेला, आत बल्ब. मी मोजल्या, एकतीस भरल्या. सगळ्या पाच टोकांच्या, एक सहा टोकांची. करणाऱ्याच्या कामट्या जास्त झाल्या असाव्यात. गल्लीवर आडव्या माळा होत्या. लाल, हिरवा, पिवळा, निळा असा क्रम; तिसऱ्या घरापाशी दोन हिरवे लागोपाठ आले होते. एक बल्ब गेला की अख्खी माळ विझते, कारण वीज एकातून दुसऱ्यात जाते. हे मला कोणी शिकवलं नाही, तिथं उभं राहून ओळखलं. कुशाबा म्हणाला, "गेणबा, ही वीज आपल्याच गावाकडच्या धरणाच्या पाण्याची बरं का!" असेल. मालेत अजून खांबही आला नाही.

एका अंगणात गवताचं छप्पर घालून गोठा मांडला होता. आत तान्हं बाळ, आईबाप, गाय, गाढव. शेजारी पाचसहा पोरी एका म्हाताऱ्याच्या पेटीवर गात होत्या. साळूबाई गोठ्यापाशी बराच वेळ थांबली. म्हणाली, "पेंढा नवा हाय." वासावरून.

ती माझा सदरा धरून चालत होती आणि दर चार पावलांवर विचारत होती, "आता काय हाय?" मी सांगत होतो. त्या अंगणातल्या घरच्या एका बाईनं करंज्यांचं ताट पुढं केलं. साळूबाईचा हात ताटाच्या वीतभर अलीकडेच हवेत थांबला. त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. मग करंजी उचलून तिच्या तळव्यावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली.

हैबतराव, तुमच्या बहिणीनं रोषणाई बघितली नाही. तिला दिसत नाही. डाव्या डोळ्यानं अजिबात नाही, उजव्यानं ऊन आणि सावली एवढंच.

आता मागचं सांगतो. गेल्याच्या मागल्या साली श्रावणात ती मला म्हणाली, "अवं, बत्तीभवती कडी दिसत्यात. इंद्रधनुष्यावानी." डोकं दुखायचं, कधी उलटी व्हायची. मी बत्ती बघितली. माझी बत्ती! पाच गावांच्या वराती माझ्या बत्त्यांच्या उजेडात गेल्या. दोनच इयत्ता शिकलेल्या माणसानं गॅसबत्ती उघडून पुन्हा जोडली आणि एक वॉशर उरला नाही. दोष असेल तर दिव्यातच असणार, आणि दिव्यातला दोष मला सापडणार नाही असं होईल का? मेंटलची जाळी बदलली. काच राखेनं घासली. रॉकेल दुहेरी फडक्यातून गाळलं. नोझलला पिन मारली. दर वेळी तिला समोर बसवून विचारायचो, "आता?" ती म्हणायची, "हायेत अजून." चौथ्या का पाचव्या खेपेला म्हणाली, "गेली." मी खूश झालो. ती कडी गेली नव्हती. मी सारखा खटपट करतोय म्हणून तिनं तसं सांगितलं. हे मला मुंबईत कळलं.

पुढं नजर मंदावली तेव्हा मी ठरवलं, मोतीबिंदू. एका पुस्तकात वाचलं होतं, मोतीबिंदू पिकू द्यावा, मग काढावा. म्हणून पिकू दिला. जत्रेत तिचा हात भाकरी चाचपताना तुम्ही पाहिलात आणि म्हणालात, "दाजी, हिला पुण्याला न्या, डोळ्याच्या डागदराकडं." मी पंगतीत सगळ्यांसमोर काय बोललो ते तुम्हाला पाठ असेल. मलाही आहे. "हैबतराव, तुमी बैलाचं दात बघा. दिव्यातलं न् डोळ्यातलं मला सांगू नका." लोक हसले. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात.

मुंबईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी अर्धा तास तपासलं. मग विचारलं, "बाई, सुरुवातीला दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची का?" मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "न्हाई जी. कवाच न्हाई." डॉक्टर माझ्याकडे वळले. मी टोपी मांडीवर धरून बसलो होतो. मीही म्हणालो, नाही. ते म्हणाले, "हा काचबिंदू आहे. मोतीबिंदू काढता येतो, यात गेलेली नजर परत येत नाही. कडी दिसतात तेव्हा आणलं तर काही करता येतं." एवढं बोलून ते कागदावर लिहू लागले.

जिन्यावर ती म्हणाली, "आलोच हाय तर नाताळ बघून जाऊ." म्हणून गेलो. वाडीतून परतताना एका माळेखाली थांबून तिनं विचारलं, "ह्यांस्नी कडी हायेत का वो?" मी वर पाहिलं. म्हणालो, नाहीत. ती हसली. "मंग तुमची बत्तीच बरी व्हती."

घरी आल्यावर दोन दिवस मी बत्ती लावली नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आवाज का येत न्हाई? बिघडली का?" आता रोज हवा भरून लावतो. तिला सूंऽऽ ऐकू येतं आणि ती भाकरी थापायला घेते. मी उजेडात बसून तिच्याकडे बघतो.

पत्र तिला वाचून दाखवायचं आहे. मी करंजीपर्यंत वाचीन, तेही ताट वगळून.

संक्रांतीला या. तिला वाटतं, तिला दिसत नाही हे तुम्हाला कळणार नाही. तुम्ही कुठं बसाल, कुठल्या हातानं तिळगूळ द्यायचा, याची ती रिकाम्या पाटासमोर तयारी करते आहे. म्हणून उंबऱ्यातूनच "साळू" म्हणून हाक मारा, म्हणजे तोंड बरोबर तुमच्याकडे वळेल. पाट दाराच्या उजव्या हाताला असेल. तो हलवू नका.

तिचा तिळगूळ झाला की मला बाहेर ओट्यावर बोलवा. समोर देवळाच्या पारावर त्या वेळी चारचौघं असतात. मी तुम्हाला पंगतीत बोललो होतो, तुम्ही मला पारासमोर बोला. एकही शब्द गाळू नका.

गेणबा
(पुढचं 'बत्तीवाले' लिहिलं होतं, ते मीच खोडलं आहे.)