मुसक्याची गाठ

अण्णा,

तुमच्या नातीच्या दातांना तार बसवली. ती जन्मली तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षे झाली होती, पण तिचे तोंड तुम्ही लगेच ओळखले असते. वरचे चार दात पुढे, खालचा ओठ त्यांच्या मागे जाऊन बसलेला, आणि मध्ये कायमची एक फट. माझेच तोंड. तुम्हाला ज्याची लाज वाटे तेच. वर 'तीर्थरूप' लिहिलेले नाही, ते विसरून नव्हे.

'तोंड मीट.' माझ्या लहानपणी हे दोन शब्द मी जितके ऐकले तितके स्वतःचे नावही ऐकले नसेल. जेवताना तोंड मीट, पाढे म्हणून झाले की तोंड मीट, पाहुणे आले की आधी तोंड मीट. मी ओढूनताणून ओठ जुळवी, हनुवटीला सुरकुत्या पडत, आणि क्षणभराने ते पुन्हा सुटत. "तोंड उघडं राहतं ते मन ढिलं असतं म्हणून," असे तुम्ही आईला सांगत असा. नेवाशाच्या शाळेचे तुम्ही हेडमास्तर. तुमच्यापुढे कोण बोलणार? जे ठाऊक नाही त्याचे कारण माणसाच्या स्वभावात शोधायचे आणि तेच शास्त्र म्हणून सांगायचे, ही तुमची रीत. रडणारी पोरे हट्टी, अडखळणारी खोटारडी, आणि माझे दात म्हणजे माझा आळस.

मग तुम्ही उपाय काढलात. जुने उपरणे फाडून चार बोटे रुंदीची पट्टी केलीत. दिवेलागणीला मला पुढ्यात पाठमोरे बसवायचे, पट्टी वरच्या ओठावरून घ्यायची आणि डोक्यामागे गाठ मारायची. पाने वाढेपर्यंत ती तशीच. "रोपाला काठी बांधली की ते सरळ होतं," असे तुमचे म्हणणे. श्वास कोंडे, ओठ सोलवटे, आणि गाठ मारताना तुमची बोटे मानेत रुतत. हे दोन वर्षे चालले. दात सुताइतकेही हलले नाहीत. पण 'चुकलो' म्हणाल तर ते तुम्ही कसले?

एवढे घरातच राहिले असते तर कदाचित मी विसरलो असतो. पण शाळातपासणीचा दिवस मी विसरणार नाही. मी नऊ वर्षांचा आहे. शाळेला शेणाचा सडा घातला आहे, फळे काळे केले आहेत, डिप्टीसाहेब टांग्यातून उतरत आहेत. क्रमिक पुस्तकातली सर्वांत लांब कविता वर्गात फक्त मला पाठ आहे, आणि ती मी म्हणणार असे सारा वर्ग धरून चालला आहे. साहेब दारात यायच्या आत तुम्ही मला भिंतीशी नेता, खिशातून पट्टी काढता आणि बांधता. दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. साहेब विचारतात, "या मुलाला काय झालं, मास्तर?" तुम्ही हसता. "दाढ सुजलीय, साहेब. घरचाच आहे."

घरचाच आहे. म्हणजे मोडक्या खुर्चीबद्दल सांगावे तसे.

मग दुसरा मुलगा उभा राहतो आणि तिसऱ्या कडव्याला अडकतो. पुढची ओळ मला येते आहे. पट्टीच्या आत माझे ओठ ती म्हणत आहेत, कापड ओले होत आहे, आणि तुम्ही माझ्याकडे बघतही नाही. साहेबांचा टांगा वळतो न वळतो तोच माझ्या शेजारी बसणारा, प्रवरेपलीकडल्या वस्तीवरून येणारा पोरगा ओरडतो, "मास्तराचं बैल हाय रं हे! मुसकं बांधलंय, न्हाईतर पिकात तोंड घालील!" सारा वर्ग खदखदून हसतो. मी तुमच्याकडे बघतो. तुम्ही हजेरीपटात डोके घालून बसला आहात. त्या पोराला तुम्ही छडी मारली असती तरी मला चालले असते, मारली नाहीत. मारली असती तर तो कशाला हसला हे बोलावे लागले असते.

नगरला हायस्कुलात जाईपर्यंत माझे नाव 'मुसकं' होते. पुढे कॉलेज झाले, पदवी मिळाली, आणि मी कचेरीत असे काम धरले की ज्यात लिहावे लागते, बोलावे लागत नाही. हे सगळे तुमच्या माथी मारणे रास्त आहे का, असे मी रोजनिशीत अनेकदा स्वतःला विचारले आहे. काही माणसे अशीही कमी बोलतात. पण ती बोलताना तोंडावर हात धरत नाहीत. मी धरतो.

आणि गेल्या दिवाळीत पाहिले, तर माझी बारा वर्षांची मुलगी हसताना तोंडावर हात धरत होती. तिला कोणी पट्टी बांधली नाही, कोणी 'तोंड मीट' म्हटले नाही. ती ते माझ्याकडे बघून शिकली. त्याच आठवड्यात मी पुण्याच्या दातांच्या डॉक्टरांना पत्र टाकले. घरात तिच्या आई म्हणाल्या, "एवढा खटाटोप कशाला? लग्नात मुलीच्या जातीला मान खालीच घालायची असते." तुमच्या सुनेला तुमच्याकडे पाहावे न लागताही तुमची विद्या आली, एवढेच मनात आले.

डॉक्टर विलायतेत शिकून आलेले, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी आधी तिला खुर्चीत बसवले आणि तिलाच विचारले, "तुला हवंय का हे? दोन वर्षं लागतील, आणि दुखेल." ती माझ्याकडे बघू लागली. ते म्हणाले, "बाबांकडे नको बघूस. तार तुझ्या तोंडात असणार." ती म्हणाली, "हवंय." मग त्यांनी ओल्या प्लास्टरने तिच्या जबड्यांचे साचे घेतले आणि मला समजावले. एक प्रकार काढ-घाल करायच्या पट्टीचा: टाळूला बसणारी लालसर रबराची पट्टी, पुढून एक तार, जेवताना काढून ठेवायची. दात थोडेच कलले असतील तर ती पुरते. हिचे तेवढ्याने भागणार नव्हते. हिच्या दातांना पातळ धातूची कडी चिकटवायची, त्यांतून एक तार कमानीसारखी फिरवायची, बारीक तारांनी बांधायची आणि दर तीन-चार आठवड्यांनी थोडी आवळायची. आवळल्यावर दोन दिवस पेज आणि मऊ भात. जागा करण्यासाठी दोन दाढा काढायच्या. आणि सगळे झाल्यावरही दात जुन्या जागी परत जाऊ पाहतात, म्हणून वर्षभर त्यांना धरून ठेवणारी पट्टी. "दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो," ते म्हणाले. "हलका दाब सतत राहिला, तर पुढचं हाड विरतं आणि मागे नवं भरतं. जोर केला की नुसतं दुखतं."

मी विचारले, "तोंड उघडं राहतं ते?" ते म्हणाले, "ओठ जुळायला दातांनी जागाच ठेवली नाही. ती काय करणार?"

मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. ती काय करणार. एका वाक्यात झाले. तुम्हाला विलायतेला जायची गरज नव्हती, अण्णा. माझे ओठ एकदा बोटांनी जुळवून बघितले असते तरी कळले असते. शेळीचा दात बघून वय सांगणारा माणूसही तुमच्यापेक्षा जास्त बघतो.

मग मी आत गेलो आणि डॉक्टरांनी शेवटची वस्तू काढली. डोक्यावर बसणारी एक कापडी टोपी, तिला दोन्ही बाजूंनी आकडे, ते तोंडातल्या तारेला अडकवायचे. संध्याकाळी शाळेतून आल्यावर घालायची ती सकाळपर्यंत. "टोपी मागे ओढून धरणारे रबराचे पट्टे लढाईपासून येईनासे झालेत," ते म्हणाले. "ते येईपर्यंत कापडी पट्टी मागे गाठ मारून बांधा. फार आवळू नका. पट्टीखाली दोन बोटं जायला हवीत." मी ते वहीत टिपून घेतले. डोक्यामागे गाठ, दिवेलागणीला. मला वाटले, उठावे आणि मुलीला घेऊन नगरची परतीची मोटार धरावी.

आज संध्याकाळी ती माझ्यापुढे पाठमोरी बसली. तिच्या आईला तो प्रकार बघवेना म्हणून त्या आत गेल्या. मुलगी म्हणाली, "बांधा की, बाबा. का थांबलात?" मी पट्टी मागे घेतली आणि गाठ मारली. ती गाठ मला कोणी शिकवली नव्हती. माझी गाठ नेहमी माझ्या पाठीमागे असायची, ती मी कधी पाहिलीच नव्हती. तरी हात आपोआप चालले. गाठ आवळण्याआधी मी पट्टीखाली दोन बोटे घातली.

"बाबा, बोटं रुततात," ती म्हणाली.

मी बोटे काढली नाहीत. बराच वेळ तसाच बसलो. ती कंटाळून म्हणाली, "आता काय माझी नाडी बघताय?" आणि हसली. हात तोंडाकडे गेला, पण टोपीच्या आकड्याला अडखळून खाली आला.

याने तुमची सुटका होत नाही. तुमच्या पट्टीने काही होणार नव्हते, हे तुम्हाला दोन महिन्यांत कळायला हवे होते. आणि दाढ सुजल्याची थाप तशीच उभी आहे. 'घरचाच आहे' तसेच उभे आहे. तुम्ही मला विचारले नाहीत, डॉक्टरांनी तिला विचारले. मी पुन्हा पुन्हा तपासून बघितले. माझ्या मनातला तुमच्याबद्दलचा तुच्छभाव फारसा कमी झालेला नाही.

हे पत्र रोजनिशीतच राहील, दुसरीकडे कुठे जाणार? मात्र एक गोष्ट लिहून ठेवतो. 'बोटे मानेत रुतत' हे मी जुन्या वह्यांत तीन ठिकाणी लिहिले आहे. आज त्या वह्या काढल्या. पहिल्या ठिकाणी समासात 'दोन बोटे. गाठ सैल ठेवण्यासाठी' असे लिहिले. बाकी दोन ठिकाणी तसेच राहू दिले. शाई संपली म्हणून नव्हे.