राजाबाईंचा फोटो राजाबाईंकडे

भवानी पेठ, सोलापूर
६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप गैबीसाबचाचा यांना हुस्नाचा आदाब. वि. वि.

फोन लावला की तुमच्या कानातलं मशीन शिट्टी मारतं, म्हणून हे पत्र. चाचींनाही वाचून दाखवा, आणि तुमच्या मशीनच्या तक्रारीचा भाग गाळू नका.

तुम्ही दिलेला कॅमेरा रविवारी पहिल्यांदा वापरला. एका लग्नात डिजिटलवर दीड-दोन हजार फोटो काढणारी मी, आणि इथं एका रोलवर फक्त बारा. कॅमेरा पोटाशी धरून वरच्या काचेत वाकून बघायचं, आणि त्या काचेत डावं उजवीकडे दिसतं. माणसाला चौकटीत आणायला गेले की तो बाहेरच पळतो. सात रस्त्याच्या फोटोच्या दुकानात चाळीस वर्षं तुम्ही हे कसं केलंत?

तुमच्याकडून परत येताना होटगीच्या अलीकडे, ज्वारी निघालेल्या एका रानात खतासाठी मेंढरं बसवलेली दिसली. सांगोल्याकडच्या राजाबाई आणि त्यांचे मालक सिदूमामा. मी फोटो काढू का विचारलं, तर राजाबाईंनी सरळ नाही म्हटलं. रस्त्यावरचे लोक गाडी थांबवतात, मोबाईलवर फोटो घेतात, पाठवतो म्हणतात आणि जातात. पुढं त्या जे बोलल्या ते तसंच लिहिते. "माजा फोटू किती जणांकडं हाय. माज्याकडंच न्हाय की."

कागदावरचा फोटो हातात आणून देईन, असा मी शब्द दिला. मग त्यांनी पदर सारखा केला, सिदूमामांना पटका नीट बांधायला लावला आणि शेजारी बसवलं. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, पण दोघांचा एकत्र एकही फोटो नाही. सगळा रोल मी त्यांच्यावरच संपवला. या रविवारी घरीच धुणार आहे.

चाचींना सलाम. माया आहे तेवढी असू द्या, थोडी जास्त झाली तरी माझी हरकत नाही.

तुमची,
हुस्ना

भवानी पेठ, सोलापूर
१० फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप चाचा यांना हुस्नाचा आदाब. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. रोल वाया गेला. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या होत्या आणि चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या आधी मी ते पक्कं करणारा हायपो ओतला. फिल्म बाहेर काढली तर खिडकीच्या काचेसारखी स्वच्छ. राजाबाई नाहीत, सिदूमामा नाहीत, एक मेंढरूसुद्धा नाही.

आज सकाळी त्या रानात गेले, म्हटलं माफी मागून पुन्हा काढू. रान मोकळं होतं. शेतमालक म्हणाले, शनिवारीच गेले, कुठं ते सांगितलं नाही. मोबाईल नंबर मी घेतलाच नव्हता. त्यांना फसवून गेलेल्या लोकांत आता माझीही भर पडली, हे मनातून जात नाही.

कॅमेरा पुसून डब्यात ठेवला आहे. तो तुमच्याकडेच शोभतो. पुढच्या वेळी घेऊन येते.

रागावू नका.

हुस्ना

होटगी
१३ फेब्रुवारी २०२५

चि. हुस्ना हीस गैबीसाबचे आशीर्वाद आणि दुवा. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी हसलो, म्हणून तुझी चाची माझ्यावर चिडली. पण बेटा, हसू का आलं ते ऐक. सत्तरच्या दशकात मला लग्नाचे फोटो काढायचं पहिलं काम मिळालं. दुसऱ्या दिवशी मी हेच केलं. आधी हायपो. दोन दिवस मी जेवलो नाही, आणि तिसऱ्या दिवशी नवरदेवाच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्याच्या आईनं मला शिव्या दिल्या, मग चहा दिला, मग सुनेला पुन्हा शालू नेसवला. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या चाचीलाही नाही. तिनं आत्ताच वाचलं आहे आणि ती दाराआड हसते आहे.

कॅमेरा परत आणायचा नाही. राजाबाई सापडल्या आहेत.

आपला शिवयोगी, रेल्वेतून रिटायर झालेला, त्याच्या स्कूटरवर मागे बसलो. गुडघ्याचं काय झालं ते विचारू नकोस. दोन दिवस आम्ही दिसेल त्या गुराख्याला विचारत हिंडलो. मला ऐकू येत नाही आणि शिवयोगी अर्धं कन्नड बोलतो, त्यामुळे एकदा भलत्याच कळपापाशी जाऊन चहा पिऊन आलो. शेवटी वळसंगच्या पुढं एका रानात त्या भेटल्या. रोल खराब झाला, चूक आमच्या पोरीची, हे मी आधीच सांगून टाकलं. राजाबाई म्हणाल्या, फोटो घ्यायला लई जण आले, पण फोटो बिघडला म्हणून सांगायला आलेले तुमीच पहिले. रविवारपर्यंत त्या तिथंच आहेत.

तू रविवारी सकाळी ये. मीही येणार. आणि यावेळी रोल धुताना बाटल्या मी बघीन.

चाची तुझ्यासाठी शेंगाचटणी कुटते आहे. लोभ कमी करशील तर चटणी मिळणार नाही.

तुझा चाचा,
गैबीसाब

भवानी पेठ, सोलापूर
२४ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप सरदारबी चाचींना हुस्नाचा आदाब. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुम्हाला, कारण चाचा स्वतःचं काही सांगणार नाहीत.

वळसंगच्या रानात त्यांनी मला एकदाही शिकवलं नाही. नुसते बांधावर बसून राहिले. मी काचेत वाकले की राजाबाई सिदूमामांना म्हणायच्या, ही पोरगी मान खाली घालून फोटो काढती, पाया पडल्यावानी. ते ऐकून सिदूमामा लाजले, आणि मी बटण दाबलं. अकरा फोटो झाले. एक उरला, तेव्हा राजाबाई उठल्या आणि आम्हा दोघांना म्हणाल्या, "आता तुमी बसा. मी काडते." चाचांनी पुष्कळ नाही नाही केलं. दुकान असताना त्यांनी स्वतःचा फोटो कधी काढू दिला नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पण राजाबाईंपुढं त्यांचं काही चाललं नाही. मी राजाबाईंना बटण दाखवलं. त्यांनी मान खाली घातली, काचेत आम्ही उलटे-सुलटे हलताना बघून मोठ्यानं हसल्या आणि बटण दाबलं.

बुधवारी चाचा रेल्वेनं इथं आले. आमच्या न्हाणीघरात बादली उपडी टाकून बसले आणि घड्याळ धरून मिनिटं मोजली. त्यांचे हात कापतात म्हणून अंधारात रोल मी चढवला, पण बाटल्यांना त्यांनी मला हात लावू दिला नाही. ओली फिल्म उजेडात धरली. बारा चौकोन, बाराही भरलेले. फोटो मोठा करायचा माळ्यावरचा जुना एन्लार्जर काढून दुपारी प्रिंट काढल्या.

यावेळी मोबाईल नंबर घेतला होता, म्हणून काल एकटी त्यांच्या नव्या मुक्कामी जाऊन देऊन आले. सिदूमामांनी आधी हात धुतले, मग फोटो घेतला. राजाबाईंनी किती तरी वेळ पाहिला आणि म्हणाल्या की मी म्हातारी झाले, हे मला कुणी सांगितलंच न्हाय. मग तो घेऊन प्रत्येक पालावर दाखवत फिरल्या. फ्रेम नको म्हणाल्या, घोड्यावरच्या ओझ्यात काच फुटेल. आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आहे.

शेवटचा फोटो सोबत पाठवते. चाचांना आधी दाखवू नका, तुम्ही बघा.

तुमची माया अशीच राहो, आणि चटणी संपली आहे.

हुस्ना

होटगी
५ मार्च २०२५

चि. हुस्ना हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

रोजे चांगले चालले आहेत. ऊन वाढलंय, पण दुपारी झोप लागते.

तू पाठवलेला फोटो चाचीनं चार दिवस लपवला आणि मग भिंतीवर लावूनच मला हाक मारली. चौकट वाकडी आहे. माझी टोपी वर अर्धी कापली गेली आहे. तू नीट आली आहेस, मी मात्र हसताना हललो आहे, त्यामुळे तोंड पुसट झालं आहे. दुकानात असा फोटो आला असता तर मी तो गिऱ्हाईकाला दिला नसता, पुन्हा बसवलं असतं.

चाची म्हणते, चाळीस वर्षं दुसऱ्यांना हलू नका म्हणत आलात, आता हा बघा. शिवयोगी येऊन बघून गेला. शेजारच्या बायका बघून गेल्या. मी खुर्ची समोर ओढून घेतली आहे आणि उगाच तिथंच बसतो.

पुढचा रोल कुणाचा काढतेस ते कळव. स्कूटर तयार आहे.

तुझा हललेला चाचा,
गैबीसाब